कुंकू लावलेला पासपोर्ट

मी एक जुना पासपोर्ट आहे. माझे कोपरे कापलेले आहेत म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. ते काही मी हौसेने कापून घेतलेले नाहीत. आणि पहिल्या पानावरचा हा लाल डाग रक्ताचा नाही. रक्ताचा असता तर सांगायला जरा बरं तरी वाटलं असतं. तो कुंकवाचा आहे, तेही तेलात कालवलेल्या कुंकवाचा. तो कसा पडला हे ऐकलंत तर तुमचा मोठ्या माणसांवरचा विश्वास उडेल. माझा तर कधीच उडाला आहे.

माझा जन्म नाशिकच्या छापखान्यात झाला. गर्द निळं कव्हर, त्यावर सोनेरी सिंह, आत छत्तीस कोरी पानं. कोरी अशासाठी की त्यांवर देशोदेशीचे शिक्के उमटावेत. माझ्याबरोबर शिवलेले माझे भाऊ कुठे कुठे गेले. कुणी दुबईला गेला, कुणी हजला, एकजण तर म्हणे जहाजावरच्या खलाशाच्या खिशात बसून अर्धी पृथ्वी फिरला. मी कुठे आलो? पुंडलिकनगरात, पुंजारामच्या घरी. तिथून पुढचा माझा सगळा प्रवास दारापासून कपाटापर्यंतचा.

पुंजाराम मूळचा सोयगावचा. वाळूजच्या एका कारखान्यात मापं घ्यायची हत्यारं तपासायचं त्याचं काम होतं. मायक्रोमीटर, व्हर्नियर असली नाजूक हत्यारं बरोबर मोजतात की नाही हे बघायचं आणि प्रत्येकावर पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी डकवायची. त्या तारखेला तो ड्यू डेट म्हणायचा. आता असा माणूस तारखांच्या बाबतीत किती काटेकोर असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. मी तेव्हा नवा होतो, आणि नव्या पासपोर्टला अक्कल कमीच असते.

मला त्याने कुठे जायचं म्हणून काढलंच नव्हतं. शेजारच्या तात्यासाहेबांच्या मुलीचा पासपोर्ट झाला आणि त्यांनी तो चहाबरोबर चारचौघांत फिरवला, एवढं एकच माझ्या जन्माचं कारण. पुंजारामला झोप येईना. त्याची मुलगी सरू तेव्हा एकोणीस वर्षांची होती, कॉलेजात शिकत होती. तिचा फोटो काढला. तेल लावून चप्प बसवलेले केस, दोन्ही कान उघडे, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू, कारण फोटोवाल्याने हसू नको म्हणून बजावलं होतं. तो फोटो माझ्या पहिल्या पानावर आला, वर पातळ प्लास्टिकचा थर आला, आणि खाली माझी मुदत छापली गेली: २३ ऑगस्ट २००९ ते २२ ऑगस्ट २०१९. दहा वर्षं. म्हणजे माणसाच्या हिशेबाने मी बराच दीर्घायुषी होतो.

पोस्टमन आला. सरूचं नाव विचारलं, तिची सही घेतली आणि मला तिच्या हातात दिलं. तो क्षण मला अजून आठवतो, कारण तसा क्षण पुन्हा यायला दहा वर्षं लागली. तिने पाकीट फोडलं, कव्हरवरून बोट फिरवलं, आणि आत उघडणार तोच वरून पुंजारामचा हात आला.

"दे इकडं. पोरीबाळींच्या हाती ठिवायची चीज हाय का ही?"

"आप्पा, फोटो तर बघू द्या."

"फोटो काय बघती? रोज आरशात बघतीस की!"

झालं. मी लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात गेलो. किल्ली पुंजारामच्या करदोड्याला. माझ्या सोबतीला होते विम्याचे कागद, डांबराच्या गोळ्या आणि केव्हाच जळून गेलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड. त्या वॉरंटी कार्डाचा तोरा तुम्ही बघायला हवा होता. आणि खरं सांगायचं तर आम्हा दोघांत फरक तरी काय होता? दोघांनाही कुणी वाचत नव्हतं.

वर्षातून एकदा मात्र मला बाहेर काढत. खंडेनवमीला घराघरांत हत्यारांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊक असेल. पुंजारामही पाटावर पक्कड, पाना, स्क्रू ड्रायव्हर, मोटारसायकलची किल्ली अशी सगळी मांडामांड करायचा आणि मधोमध मला ठेवायचा. आता मी काय हत्यार आहे? पण हे त्याच्या डोक्यात शिरवणार कोण? मला एक झेंडूचं फूल आणि कव्हरवर एक कुंकवाचं बोट मिळायचं. तेही साधं कुंकू नाही. कारखान्यात लोखंडी यंत्रांवर पाण्यातलं कुंकू टिकत नाही, ओघळतं, म्हणून तिथले लोक ते तेलात कालवतात. पुंजारामने तीच रीत घरी आणली. यंत्राला जे चालतं ते सगळ्यांना चालतं, असं त्याचं ठाम मत. पूजा झाली की येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवायचं आणि पुन्हा कपाट बंद. उघडून वाचावं, असं त्याला आठ वर्षांत एकदाही वाटलं नाही.

मग माझ्या मालकिणीचं, म्हणजे सरूचं, लग्न ठरलं. ती तेव्हा एका पतपेढीत नोकरी करत होती. तिच्या माहितीच्या कागदावर पुंजारामने शिक्षणाच्याही वर 'पासपोर्ट आहे' असं लिहिलं होतं, आणि स्थळही तसंच सांगून आलं. मुलाचं नाव कडूबा. आधीची दोन भावंडं दगावली म्हणून आईबापांनी मुद्दाम ठेवलेलं नाव. हा कडूबा अमेरिकेत इंजिनियर होता आणि तिथला नागरिक झाला होता. २०१७ च्या फेब्रुवारीत लग्न झालं. अठरा दिवस नवराबायको एकत्र राहिले आणि कडूबा कामावर परत गेला. बायकोला कायमचं तिकडे राहता यावं म्हणून त्याने अर्ज केला. त्याला लोक ग्रीन कार्डाचा अर्ज म्हणतात. कागद हलायचे, थांबायचे, पुन्हा हलायचे. सरू माहेरीच होती. "आता जायचंच हाय तर नोकरी काहून करती?" असं म्हणून पुंजारामने तिला पतपेढीही सोडायला लावली. दोन वर्षं ती पोर फोनवर संसार करत होती.

जावई अमेरिकेचा मिळाला याचं श्रेय पुंजारामने कुणाला दिलं असेल? मला! "गुणाचा पासपोर्ट हाय," म्हणायचा. त्या वर्षीच्या खंडेनवमीला कव्हरवरच्या बोटाने त्याचं भागेना. त्याने मला उघडलं, आणि नव्या वहीच्या पहिल्या पानाला लावतात तसं तेलाचं कुंकू थेट पहिल्या पानाला लावलं. एक बोट वर, एक बोट खाली, चांगलं भरघोस. मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. माझ्या प्लास्टिकच्या थराची कड आधीच थोडी सुटली होती. तिथून ते तेल आत शिरलं आणि वर्षभर कपाटात अंधारात हळूहळू पसरत राहिलं. पुढच्या खंडेनवमीला पुन्हा दोन बोटं. देव माणसाला डोळे देतो, ते कुणी वापरावेत अशी सक्ती मात्र करत नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत मुलाखतीचं पत्र आलं. ११ एप्रिल, मुंबई. कडूबाने रजा काढली, विमानाचं तिकीट काढलं. मुलाखतीला बायकोसोबत जायचं, व्हिसा मिळाला की तिला बरोबरच घेऊन जायचं, असा त्याचा बेत. सरूने बॅग आणली. आवडाबाई, म्हणजे तिची आई, लोणच्याच्या बरण्या भरू लागली. घरात इतका आनंद मी कपाटातूनसुद्धा ऐकला.

कागदपत्रं जुळवायचं काम होतं निजामुद्दीनकडे. चौकात त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि परदेशाचे अर्ज भरून भरून त्याला नियम तोंडपाठ झाले होते. पुंजाराम त्याच्याकडे माझी झेरॉक्स घेऊन गेला, तीही २००९ सालची. अस्सल पासपोर्ट घराबाहेर न्यायचा नाही, हा त्याचा बाणा. पुढचं मी पुंजारामच्याच तोंडून ऐकलं, कारण घरी येऊन त्याने ते आवडाबाईला निजामुद्दीनची नक्कल करत सांगितलं.

"पुंजारामभाऊ, ये तो ऑगस्टमें खतम होतोय."

"मंग? जायचंय एप्रिलात. ऑगस्टपर्यंत चालतोय की."

"नाय चालत भाऊ. तिथं उतरायच्या दिवसापासून फुडं सहा महिने पायजेत. तुमच्याकडं चारच ऱ्हायले. आधी नवा काढा. आजच अर्ज भरतो, मुलाखतीला टाइम हाय."

"निजामभाई, ऑगस्ट म्हंजी ऑगस्ट. सरकारनं छापलंय, का तुमच्या दुकानात छापलंय?"

नियम तुम्हाला समजला ना, मित्रांनो? तुम्ही पाचवी-सहावीतले असाल, तरी समजला असेल. ज्या देशात जायचं, तिथे पाऊल ठेवल्यानंतर पुढे आणखी सहा महिने तरी पासपोर्टची मुदत शिल्लक असली पाहिजे. मेलेल्या पासपोर्टचा माणूस त्यांना दारात नको असतो, आणि मरायला टेकलेल्याचाही नको असतो. एवढी साधी गोष्ट. पण पुंजारामला ती समजून घ्यायचीच नव्हती. नवा काढला की जुना रद्द होतो, आणि हा तर गुणाचा पासपोर्ट! वर एका झेरॉक्सवाल्याने आपल्याला तारीख शिकवावी? मग त्याने काय केलं? आवडाबाईला म्हणाला, "सरूला काय बोलू नको. उगं घाबरंल." आणि तीन आठवडे गप्प बसला. तीन आठवडे! माझा सगळा तिरस्कार मी त्या तीन आठवड्यांसाठी राखून ठेवला आहे. कुंकवाचं एक वेळ मी सोडून दिलं असतं.

शेवटी निजामुद्दीनलाच राहवलं नाही. अर्जावर सरूचा नंबर होता. त्याने तिला फोन केला. सरू तडक बापासमोर येऊन उभी राहिली. कपाटाच्या खोलीतच हे झालं, म्हणून एक एक शब्द मला ऐकू आला.

"आप्पा, एक सांगा. ड्यू डेटला महिना ऱ्हायलेला मायक्रोमीटर तुम्ही लायनीवर देता का?"

"नाय. कधीच नाय."

"काहून? तारीख तर ऱ्हायलेली असती."

"अगं, काम मधी असतानी तारीख आली म्हंजी? सगळा माल वापस येतो. महिनाभर आधीच काढून घ्यायचं असतं हत्यार."

मग करदोड्याची किल्ली खुळखुळली. तीस वर्षं जो माणूस लोखंडाच्या तुकड्यांची तारीख महिनाभर आधी बघत आला, त्याने पोटच्या पोरीच्या पासपोर्टची तारीख बघावी म्हणून तिला हे असं विचारावं लागलं.

कपाट उघडलं. मला सरूच्या हातात दिलं नाहीच. पुंजारामने स्वतः पहिलं पान उघडलं आणि तारखेवर बोट ठेवलं. तेव्हा सरूला बाकीचं पान दिसलं.

"हे काय केलंत आप्पा?"

"पूजा केली. त्येला काय व्हतंय, पुसू की."

पुसायला ते वर होतंच कुठे? प्लास्टिकच्या आत होतं. फोटोतल्या एकोणीस वर्षांच्या सरूचा कपाळापासून हनुवटीपर्यंतचा चेहरा लालसर तेलकट डागाखाली गेला होता, आणि पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांचा लगदा झाला होता.

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट कचेरीच्या खिडकीवर बसलेल्या बाईंनी मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"हे काय लागलंय याला?"

"कुंकू हाय मॅडम. दसऱ्याचं," पुंजाराम म्हणाला. त्याच्या आवाजात अजून अभिमान होता, बरं का.

"काका, हा खराब झालेला पासपोर्ट धरावा लागतो. नुसतं नूतनीकरण नाही होणार. हा कसा खराब झाला याचं प्रतिज्ञापत्र द्या. पोलीस तपासणी पुन्हा होईल."

"किती दिस?"

"सांगता नाही येत. आधी का नाही आलात?"

बाईंनी कात्री घेतली आणि रद्द झाल्याची खूण म्हणून माझे कोपरे कापले. दुखतं का, असं तुम्ही विचाराल. कापताना नाही दुखत. छत्तीस पानं कोरी असताना कापतात, ते दुखतं.

पाच एप्रिलला कडूबा आला. अकरा तारीख आली आणि गेली. नवा पासपोर्ट आला नव्हता, म्हणून मुलाखत पुढे ढकलावी लागली. जावई पंधरा दिवस राहिला. शहाणा माणूस, सासऱ्याला एक शब्द बोलला नाही. पण परत जायच्या दिवशी सरूने भरलेली बॅग तिने स्वतःच रिकामी केली, लोणच्याच्या बरण्या फळीवर परत ठेवल्या, आणि कडूबा एकटाच विमानतळावर गेला. पुंजाराम म्हणाला, "चालायचंच. सरकारी कामाला टाइम लागतो." सरकारी काम! मला हात असते तर मी कान धरले असते. माझे नाही, त्याचे.

जावई गेला आणि चार दिवसांनी पोस्टमन आला. मी तेव्हा बाहेरच टेबलावर पडून होतो, कारण रद्द झालेल्याला कुलूप कशाला? पुंजाराम पुढे झाला आणि सवयीने हात पसरला.

"द्या."

"सरोज कोण हाय? त्यांच्याच हातात द्यायचं असतं काका."

"मी बाप हाय तिचा."

"बाप असा नाय तर आणखी कोणी असा. त्यांना बोलवा."

सरू आली. सही केली, पाकीट फोडलं, नवा पासपोर्ट उघडला आणि उभ्या उभ्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढला. नाव, जन्मठिकाण, मुदत, सगळं. पुंजारामचा हात अजून पसरलेलाच होता. तिने नवा पासपोर्ट आपल्या पर्समध्ये ठेवला, चेन ओढली, आणि टेबलावरून मला उचलून त्या पसरलेल्या हातावर ठेवलं.

"हा ठिवा तुम्ही. ह्याला पायजे तेवढं कुलूप लावा."

नवी तारीख जुलैच्या शेवटी मिळाली. मुलाखत झाली, व्हिसा आला. सरू चौदा ऑगस्टला गेली. विमान उडाल्याचा फोन आल्यावर पुंजाराम काय म्हणाला असेल, ओळखा पाहू. "बघ, बावीस ऑगस्टपर्यंत चाललाच असता की जुना!" मित्रांनो, अशा माणसाला कुणी काही शिकवू शकत नाही. मी तर नादच सोडला.

आणि आता शेवटचं सांगतो, मग तुम्ही खेळायला जा.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. पाट मांडला, पक्कड आली, पाना आला. वाटीत तेल-कुंकू कालवलेलं. पुंजारामने कपाट उघडलं आणि मला बाहेर काढलं. आवडाबाई म्हणाली, "आता त्येला काहून? त्येचे कान कापलेत." त्याने ऐकलं नाही. मला उघडलं, बोट कुंकवात बुडवलं, आणि ते पानावर आणता आणता थांबला. का थांबला ते मला माहीत नाही. घरात सरू नव्हती, म्हणून असेल. तो फोटोकडे बघत राहिला. दहा वर्षांत पहिल्यांदा. लाल डागातून फक्त एक कान आणि चप्प केसांची एक बट दिसत होती. त्याने बोट धोतराला पुसलं आणि अंगठ्याने फोटो चोळायला लागला. मग टॉवेलने चोळला. मग चष्मा लावून नखाने.

"आवडे, पोरीचा ह्या वयाचा दुसरा फोटो आसंल ना गं?"

"कुठला? ह्याच्यासाठीच काढला व्हता. दोन प्रती व्हत्या, दोन्ही अर्जाला लावल्या."

त्या दिवशी पूजा झालीच नाही. मला वाटलं होतं, त्याची अशी फजिती झाली की मला आनंद होईल. तसा काही झाला नाही, आणि याचा मला अजून राग आहे. मग त्याने मला टॉवेलात गुंडाळलं, पुन्हा त्याच कप्प्यात ठेवलं आणि कुलूप लावलं. मिक्सरचं वॉरंटी कार्ड शेजारीच होतं.

तर मित्रांनो, आज घरी गेलात की विचारा, घरातले पासपोर्ट कुठे आहेत आणि किल्ली कुणाच्या करदोड्याला आहे. बाहेर काढून शेवटची तारीख वाचा, तिथून सहा महिने मागे मोजा, आणि मग पासपोर्ट ज्याचा आहे त्याच्या हातात द्या. हळद-कुंकू देवाला लावा. आणि मिटण्याआधी त्या फोटोतल्या माणसाच्या तोंडाकडे एकदा नीट बघा. मला दहा वर्षं फार जपलं हो. उघडून बघितलं, तेव्हा आत ती दिसत नव्हती.